आधी बुक बघ

मामांनी खिशातून लाउडस्पीकरचं जुनं लोहचुंबक काढलं. रंगाला चरा पडू नये म्हणून त्याला गंजीफ्रॉकचा तुकडा गुंडाळलेला होता. दाराच्या वरच्या अंगाला ते टक्कन चिकटलं. मामा बोटाने ते हळूहळू खाली सरकवत गेले. हँडलच्या खाली वीतभर गेल्यावर चुंबक सुटलं आणि त्यांच्या तळहातात पडलं.

"इथून खाली पत्रा नाही. नुसती पुट्टी आहे."

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे एका शेडमध्ये ती उभी होती. 1939 ची प्लिमथ, चार दारांची, काळी. विकणाऱ्याने आमच्यासमोर सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मागणी चार लाखांची. दोन वर्षं मी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची अमेरिकन सेडान शोधत होतो. अटी दोनच: परवडली पाहिजे आणि रस्त्यावर धावली पाहिजे. इथे दोन्ही जुळत होत्या. मामांनी मात्र बोनेट उघडायलाही सांगितलं नाही.

"मॅटाडोरचं डिझेल इंजिन आहे," ते म्हणाले आणि बाहेर चहाच्या टपरीकडे चालायला लागले.

मामा 77 वर्षांचे आहेत. 1964 मध्ये कुर्ल्याच्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागले, पुढे पनवेलला जुन्या पुणे रस्त्यावर चाळीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवलं. मी भौतिकशास्त्र शिकवतो. आजच्या माझ्या गाडीचं बोनेट उघडलं की प्लास्टिकचं एक काळं झाकण दिसतं, त्याच्या आत काय चाललंय ते वर्गात शिकवणाऱ्या मलाही हाताने दाखवता येत नाही. मला अशी गाडी हवी होती जिच्यातली प्रत्येक हालचाल बोट ठेवून दाखवता येईल. त्या दिवशी टपरीवर सुरू झालेला आमचा वाद पुढे दोन महिने चालला.

"मामा, डिझेल असलं म्हणून काय बिघडलं? चालतेय ना?"

"बुकात इंधन काय लिहिलंय ते सांग."

मी आरसी बुकाची झेरॉक्स काढली. पेट्रोल.

"आणि इंजिन नंबर?"

नंबर जुनाच होता, मूळ इंजिनाचा. ते इंजिन केव्हाच गेलेलं.

"म्हणजे गाडी एक आणि बुक दुसऱ्याच गाडीचं. उद्या तू ही आरटीओत घेऊन गेलास तर इन्स्पेक्टर आधी नंबरावर टॉर्च मारणार. मग चार लाख देऊन तू काय विकत घेतलंस? एक शेड."

"व्हिंटेजमध्ये नोंदवू. 2021 पासून त्यासाठी वेगळे नियम आहेत."

"वाचलेस का नीट?"

वाचले होते. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली खासगी गाडी त्यात बसते. नवी नोंदणी 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतरचं नूतनीकरण 5,000. नव्या नोंदणीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधी नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. आणि ती रोजच्या कामाला वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

"म्हणजे बघ," मामा म्हणाले, "जी धावते ती व्हिंटेज नाही. आणि जी व्हिंटेज आहे ती तुला भाजी आणायला नेता येणार नाही. तुझ्या दोन अटींचं काय करायचं ते तू ठरव."

मला राग आला होता, आणि तो मामांवर नव्हता. "नियम क्षणभर बाजूला ठेवा. ही प्लिमथ आज उभी आहे ती त्या डिझेलमुळेच. लिटरला सहा किलोमीटर देणारं पेट्रोल इंजिन कुठल्या टॅक्सीवाल्याला परवडलं असतं? ज्यांनी इंजिन बदललं त्यांनी गाडी वाचवली. बाकीच्या ज्या 'ओरिजिनल' राहिल्या, त्यातल्या बहुतेक अंगणात सडून गेल्या. मग हा बदलसुद्धा आपल्या इथल्या मोटारींचा इतिहासच नाही का? डेट्रॉईटची गाडी, मुंबईचा टॅक्सीवाला, कुर्ल्याचा मिस्त्री."

मामा बराच वेळ गप्प राहिले.

"कुर्ल्याचा मिस्त्री मीच होतो," ते म्हणाले. "पर्किन्सचं डिझेल बसवायचो आम्ही. डिझेलचं वजन जास्त, उंची वेगळी. पुढचा मेंबर कापायचा, नवीन फाउंडेशन वेल्ड करायची. रात्री गाडी यायची, चौथ्या दिवशी टॅक्सी धंद्याला लागायची. निघालेलं पेट्रोल इंजिन हातगाडीवर घालून मी स्वतः भंगारवाल्याकडे न्यायचो. किलोवर. चांगली इंजिनं होती रे. काहींना नुसती रिंग-व्हॉल्व्हची गरज होती. तू म्हणतोस गाडी वाचली. मला हातगाडीवरचं इंजिन आठवतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. प्लिमथ घेतली नाही.

या गाड्या आपल्याकडे इतक्या का होत्या, हे माहीत असल्याशिवाय त्या परवडतात का याचंही उत्तर मिळत नाही. फोर्डने 1926 मध्ये हिंदुस्थानात कंपनी काढली. तिचा कारभार कॅनडाच्या फोर्डकडे होता, आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांसाठी उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या कॅनडातूनच यायच्या. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना टाकला आणि त्याच डिसेंबरात तिथून पहिली शेव्हर्ले बाहेर पडली. गाडी सुट्या भागांत खोक्यांतून बंदरावर उतरायची आणि शिवडीत उभी राहायची. त्यामुळे शेव्हर्ले किंवा फोर्ड ही केवळ संस्थानिकांची मिरवण्याची वस्तू राहिली नाही. डॉक्टर, वकील, कंत्राटदार ती वापरत. कोल्हापूरच्या छत्रपतींची मायबाख एखादीच, शेव्हर्ले मात्र गावोगाव. म्हणूनच आज एखाद्याला नोकरीच्या पैशांतून अशी गाडी घ्यायची असेल तर रोल्स किंवा पॅकार्डच्या नादी न लागता त्याने साधी चार दारांची शेव्हर्ले, प्लिमथ, डॉज किंवा फोर्ड शोधावी. उघड्या टपाच्या गाडीमागे सगळे धावतात. चार दारांच्या सेडानकडे तेवढे लोक बघत नाहीत, आणि त्यामुळेच तिची किंमत खाली राहते.

मामांनी मला यातही आणखी गाळायला लावलं.

"1937 च्या आधीची शेव्हर्ले नको."

"का? 1934 ची दिसायला जास्त सुंदर आहे."

"पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा आहे तिच्या. राजस्थानात टिकेल. कोकणच्या पावसात लाकूड कुजतं, वाळवी लागते, मग दार बंद केलं की अख्खी बॉडी हलते. सुतार लागतो, आणि मोटारीचं काम येणारा सुतार आता कुठे आहे? 1937 पासून शेव्हर्लेची बॉडी पूर्ण लोखंडाची."

"आणि फोर्ड?"

"व्ही-एट चांगली. पण 1938 पर्यंत तिचे ब्रेक सळईचे किंवा केबलचे. शेव्हर्लेला 1936 पासून हायड्रॉलिक आहेत, प्लिमथला तर 1928 ला ती निघाली तेव्हापासून. तुला आजच्या पळस्प्याच्या ट्रॅफिकमध्ये उतरायचंय. समोर कंटेनर थांबला तर सळई-केबलवर भरवसा ठेवशील?"

शेव्हर्लेतही त्यांनी एक फाटा फोडला. महागड्या मास्टर डीलक्सला 1938 पर्यंत 'नी-ॲक्शन' नावाचं पुढचं सस्पेन्शन होतं, तेलाने भरलेल्या डब्यात स्प्रिंग. चालते तेव्हा गाडी पाण्यासारखी जाते, पण तेल गळायला लागलं की तो डबा नीट करणारा माणूस मिळत नाही. साध्या मास्टरला सरळ एक्सल आणि पाट्याची स्प्रिंग, बैलगाडीचाच सुधारलेला प्रकार म्हणा. पनवेलच्या माणसाला तो कळायला वेळ लागू नये. एकोणिसाव्या शतकातल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या गावाचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीच्या चाकांचीच नोंद आहे. घाट चढून देशावर जाणारे गाडीवान इथून चाकं घेऊन जात.

मेमध्ये पेणच्या बाजूला एक गाडी सापडली. 1938 ची शेव्हर्ले मास्टर, साधी, चार दारांची, फिकट हिरवी. अकरा वर्षं सुरू झालेली नव्हती. मालक वारलेले. त्यांच्या पत्नीने ताडपत्री काढली तेव्हा टायर जमिनीला चिकटलेले होते आणि मागच्या सीटवर कोंबडीने कधीतरी अंडी घातली होती. मागणी सात लाख.

"चार लाखांची चालणारी सोडून सात लाखांची बंद," मी म्हणालो.

मामा ऐकत नव्हते. ते चटईवर आडवे होऊन गाडीखाली शिरले होते. मग बाहेर आले, बोनेट उघडलं, ब्लॉकच्या उजव्या अंगाला डिस्ट्रिब्युटरजवळ रॉकेलचा बोळा घासला. काळ्या थराखालून आकडे वर आले. त्यांनी हात मागे केला. मी त्यांच्या हातात बुक दिलं. एकेक आकडा बोट ठेवून त्यांनी दोनदा ताडून पाहिला.

"हे त्याच गाडीचं बुक आहे," ते म्हणाले. एवढंच.

त्या दिवशी त्यांनी इंजिन सुरू केलं नाही, करूही दिलं नाही. सहाही प्लग काढले, प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे तेल सोडलं आणि आम्ही घरी आलो. आठ दिवसांनी परत गेलो. मामांनी पुढून हँडल लावलं आणि न जोर लावता नुसता भार दिला. अर्धा फेरा गेला, अडला, मग सुटला. सहा व्होल्टची बॅटरी, नवे पॉइंट, टाकीऐवजी बाटलीतून पेट्रोल. चौथ्या प्रयत्नाला ती बोलली.

आणि बोलता बोलता ठोकायला लागली. टक, टक, टक, खालून.

"संपलं," मी म्हणालो.

"थांब." मामांनी लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चालू इंजिनावर एकेका प्लगचा करंट तोडायला लागले. पहिला. ठोका तसाच. दुसरा, तिसरा, तसाच. चौथ्याला ठोका गप्प झाला. "चार नंबरचा रॉड. बाकी पाच ठीक."

वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवत आलोय, की एक कारण दूर करा आणि परिणाम थांबतो का ते बघा. पण इतकं स्वच्छ मी कधीच शिकवलं नव्हतं.

या इंजिनात आजच्यासारखे तयार बेअरिंग शेल नाहीत. रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतलेलं असतं. कॅपखाली पितळेच्या पातळ चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. बेअरिंग झिजलं की एक शिम काढायची, कॅप आवळायची, पुन्हा चालवायची. सहा सिलिंडर, 3.5 लिटर, 85 हॉर्सपॉवर. तेलाचा मोठा दाब नाही, रॉडच्या खालची पळी तेलात बुडते आणि उडवते. म्हणून हे इंजिन साठ-सत्तरच्या वेगाने दिवसभर जाईल, पण सतत शंभरला पळवलंत तर व्हाइट मेटल वितळू शकतं. याच इंजिनावर शेव्हर्लेचे ट्रकही चालायचे. महायुद्धात कॅनडात बनलेले लष्करी शेव्हर्ले ट्रक इथे ढिगाने आले, आणि युद्धानंतर लष्कराने जुना माल विकायला काढला. कुर्ला आणि ऑपेरा हाउसच्या दुकानांत या गाड्यांचे पार्ट पुढे कितीतरी वर्षं मिळत राहिले त्यामागे हे मोठं कारण आहे. टायरचंही तसंच. सहाशे-सोळा, म्हणजे जुन्या जीपचा टायर. आजही मिळतो.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "मग घेऊ या."

"घेऊ नकोस."

मी गाडी बाजूला घेतली. "आत्ता तर तुम्ही म्हणालात..."

"गाडी घेण्यासारखी आहे. तू घेऊ नकोस. चार नंबरची शिम मी काढीन, ब्रेक सिलिंडरला स्लीव्ह मी बसवून देईन. पण त्या ब्रेकला लाइन एकच आहे. एका ठिकाणी गळली की चारी चाकं गेली. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते जुनं रबर खातं. पंपाचा डायफ्राम कधी दगा देईल सांगता येत नाही. या गाडीला दर पंधरा दिवसांनी कुणीतरी ऐकावं लागतं. मी आणखी किती वर्षं ऐकणार? व्हाइट मेटल ओतणारे माझ्या ओळखीचे दोन होते, एक गेला. मी गेल्यावर तुझ्या अंगणात ही ताडपत्रीखाली जाईल आणि तुझा मुलगा भंगारवाल्याला फोन करेल. मी आधीच पुष्कळ इंजिनं तिकडे पाठवलीत."

सगळ्या वादात मला हरवणारा मुद्दा हाच होता. पैशांचं उत्तर देता येतं. नियमाचं देता येतं. याचं नव्हतं. मी जे बोललो ते उत्तर म्हणून बोललो नव्हतो.

"मग मला शिकवा. ओतकामसुद्धा."

"चाळिशीत?"

"तुम्ही सोळाव्या वर्षी शिकलात म्हणून मी शिकू नये?"

गाडी सहा लाखांना ठरली. खरी दमछाक पुढे झाली, आणि ती इंजिनाने केली नाही. बुक अजून वारलेल्या मालकांच्या नावावर होतं. आधी वारसाच्या नावे करायचं, त्याला फॉर्म 31. दोन मुलं बाहेरगावी, दोघांच्या सह्या. मग विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. इंजिन तीन महिन्यांत तयार झालं, कागदांना नऊ लागले. मालकीणबाईंनी ते बुक अकरा वर्षं देव्हाऱ्याच्या खणात जपलं नसतं तर सहा लाखांची गाडी सहा रुपयांची झाली असती. मामा पहिल्या दिवसापासून जे सांगत होते ते मला तेव्हा नीट कळलं: आधी बुक बघ, मग इंजिन, मग गाडी. रंग सगळ्यात शेवटी.

धावण्याचं म्हणाल तर ती धावते. व्हिंटेजमध्ये जुन्या नंबरानेच नोंदली गेली. पेट्रोलला, दुरुस्तीला आणि मुंबईच्या रॅलीला बाहेर पडते. रोजची गाडी म्हणून तिच्याकडे बघायचं मी सोडून दिलं, आणि माझ्या दोन अटींपैकी एक चुकीची होती हे मी मान्य करतो. परवडण्याचं म्हणाल तर दुरुस्तीला आणखी दोन लाख चाळीस हजार गेले. तेवढे बाजूला काढून ठेवल्याशिवाय कुणी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रविवारी सकाळी नऊला मामा शेडमध्ये येऊन बसतात. आयटीआयची दोन मुलंही आता येतात. गेल्या महिन्यात आम्ही पहिल्यांदा व्हाइट मेटल ओतलं. बिघडलं. परत ओतलं.

मी मात्र माझा एक मुद्दा सोडलेला नाही. डिझेल बसवलेल्या त्या गाड्यांनाही मोल आहे, त्यांना कुणीतरी चालतं ठेवलं होतं. मामा यावर अजून हो म्हणत नाहीत. पण गणपतीनंतर एका सकाळी ते न सांगता कळंबोलीला गेले आणि टेप घेऊन आले. प्लिमथ तिथेच आहे, विकली गेलेली नाही. त्यांनी बोनेटखालची जागा मोजून आणली.

त्या प्लिमथला आता तिचं इंजिन परत हवं आहे. डॉज, फार्गो किंवा प्लिमथचं सहा सिलिंडरी, व्हॉल्व्ह बाजूला असलेलं पेट्रोल इंजिन. जुन्या ट्रकचं असलं तरी चालेल. अमेरिकन ब्लॉकचं हेड साधारण 23 इंच लांब असतं, कॅनडाच्या ब्लॉकचं 25, आणि मामांच्या मापात दोन्ही बसतात. तुमच्या गावच्या एखाद्या बंद गॅरेजात, बाकाखाली, गोणपाटाखाली असं इंजिन पडलेलं असेल तर ते किलोवर देऊ नका. त्याच्यावरचा नंबर रॉकेलने पुसून लिहून ठेवा आणि अशा गाड्या जपणाऱ्या कुणाच्या तरी कानावर घाला.